क्षेत्र की वास्तु?
व्यापारी कुटुंबाच्या शिलकेविषयी काही विचार

श्रावकाच्या पाच अणुव्रतांतील शेवटचे व्रत परिग्रहपरिमाणाचे आहे. जवळ किती बाळगावे याची मर्यादा ज्याने त्याने आखून घ्यावी, असे हे व्रत सांगते. ज्या वस्तूंची मर्यादा आखावयाची त्यांची यादी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात आली आहे, आणि तिचा आरंभच 'क्षेत्र' व 'वास्तु' या दोन शब्दांनी होतो. क्षेत्र म्हणजे शेत, जमीन. वास्तु म्हणजे घर, इमारत. सोने, चांदी, धनधान्य ही सर्व मागाहून येतात. आचार्यांनी जमीन व इमारत एकाच शब्दात न गुंडाळता त्यांना दोन निराळी नावे दिली, ही गोष्ट व्यापाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे. कारण आपण मात्र 'प्रॉपर्टी' या एका शब्दात दोहोंचा निकाल लावतो, आणि पुष्कळशा चुका तेथूनच सुरू होतात.

दिवाळीत वहीपूजन आटोपले, देणीघेणी मिटली, आणि परमेष्ठींच्या कृपेने चार पैसे शिल्लक राहिले की घरात एकच प्रश्न निघतो. गावाबाहेर प्लॉट घेऊन ठेवावा, की बाजारात एखादा गाळा घेऊन भाड्याने द्यावा? वडील मंडळी बहुधा जमिनीच्या बाजूची असतात, तरुण मंडळी इमारतीच्या. दोन्ही बाजूंना दाखले मिळतात, म्हणून वादाचा शेवट होत नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार आम्ही बेळगाव व सीमाभागातील व्यापारी कुटुंब डोळ्यांपुढे ठेवून केला आहे. अन्य गावच्या वाचकांनी आपापले आकडे घालून पाहावेत.

दोहोंचा स्वभाव

जमीन झिजत नाही; इमारत झिजते. जमीन आपण होऊन काही मिळवून देत नाही; इमारत दरमहा भाडे देते. हिशेबाच्या शास्त्रातही हाच भेद मानलेला आहे. स्वतःच्या धंद्यासाठी वापरलेल्या इमारतीवर दरसाल घसारा लावता येतो, जमिनीवर तो लावता येत नाही. इमारत भाड्याने दिली तर प्राप्तिकराच्या हिशेबात पालिकेचा कर वजा जाता उरलेल्या वार्षिक मूल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, मग प्रत्यक्ष दुरुस्तीला कमी खर्च येवो वा अधिक. रिकाम्या प्लॉटला उत्पन्नच नाही, तेव्हा वजावटीचा प्रश्नच उद्भवत नाही.

बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती आपणांपैकी सर्वांच्या परिचयाची आहे. इ. स. १२०४ च्या सुमारास रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने ती बांधविली. दगडी वास्तु आठशे वर्षे उभी आहे. परंतु ती उभारताना तिच्या नित्य खर्चासाठी जमिनीचे दानही देण्यात आले होते, असे त्याच काळचे शिलालेख सांगतात. केवळ मंदिर उभारून भागत नाही, त्याच्या तेलवातीची आणि दुरुस्तीची सोयही करून ठेवावी लागते, हे त्या दात्यांना कळत होते. वास्तु ही खर्च मागणारी वस्तू आहे, हे आज चौथ्या मजल्यावर सदनिका घेणाऱ्यालाही कळले पाहिजे.

सदनिकेचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट येथेच सांगतो. सदनिका घेणाऱ्याच्या पदरी इमारत पुष्कळ आणि जमीन थोडी पडते, कारण खालच्या जागेत त्याचा केवळ अविभक्त हिस्सा असतो. नव्या वस्तीत पहिली काही वर्षे भाव चढताना दिसतो, आणि पुढे इमारत जुनी झाली की तो रेंगाळतो. त्याचे कारण हेच की, वाढणारा भाग लहान आणि झिजणारा भाग मोठा असतो. खरेदीखत करताना आपल्या वाट्यास किती चौरस फूट जमीन येते, हा प्रश्न विचारणारे गिऱ्हाईक आम्हास क्वचितच भेटले आहे.

कागदावरचा हिशेब

आता आकड्यांकडे वळू. खालील आकडे केवळ समजुतीसाठी धरलेले आहेत.

समजा, दोन भावांजवळ प्रत्येकी ५० लाख रुपये आहेत. थोरल्याने तेवढ्याचा प्लॉट घेतला. धाकट्याने बाजारात एक गाळा घेतला. त्याच्या किमतीपैकी ३० लाख जागेचे आणि २० लाख बांधकामाचे धरू. गाळ्याला दरमहा १८,००० रुपये भाडे येते, म्हणजे वर्षाला २,१६,००० रुपये. त्यातून वर्षाकाठी एक महिना गाळा रिकामा राहील असे धरून १८,००० रुपये, पालिकेचा कर ८,००० रुपये आणि दुरुस्ती, रंग व विमा यांचे १४,००० रुपये वजा करू. शिल्लक १,७६,००० रुपये.

येथेच बहुतेक लोक हिशेब थांबवितात. पण तो पुरा झालेला नसतो. बांधकामाचे आयुष्य ५० वर्षे धरले तर २० लाखांचे बांधकाम दरसाल ४०,००० रुपयांनी झिजते. म्हणजे हातात पडलेल्या भाड्यातील ४०,००० रुपये हे उत्पन्न नसून आपलेच भांडवल हप्त्याहप्त्याने परत आलेले आहे. ते खर्चून टाकणारा गृहस्थ आपली इमारतच थोडी थोडी खात असतो. ते वजा करता खरे उत्पन्न १,३६,००० रुपये राहते.

हेच ५० लाख रुपये ७ टक्क्यांनी ठेवीत ठेवले असते तर वर्षाला ३,५०,००० रुपये व्याज आले असते. धाकट्याला ठेवीची बरोबरी करावयाची तर उरलेले २,१४,००० रुपये गाळ्याखालच्या ३० लाखांच्या जागेने भाववाढीतून दिले पाहिजेत. म्हणजे ती जागा वर्षाला सुमारे ७.१ टक्क्यांनी वाढली पाहिजे. थोरल्याला भाडे नाही, उलट कुंपण, साफसफाई व कर यांपायी वर्षाला १०,००० रुपये खर्च आहे. म्हणून त्याचा ५० लाखांचा प्लॉट वर्षाला ७.२ टक्क्यांनी वाढला पाहिजे.

प्राप्तिकर बाजूस ठेवला तर ७.१ आणि ७.२! ज्या वादात घरातील माणसे रात्र रात्र जागवितात, त्यातील अंतर या उदाहरणात एक दशांश टक्का निघाले. आकडे बदलले की अंतर थोडे इकडे वा तिकडे सरकेल. आणखी एक गोष्ट यातून दिसते. आपल्या जुन्या बहात्तरच्या कोष्टकाप्रमाणे ७ टक्क्यांनी रक्कम दहा वर्षांहून थोड्या अधिक काळात दुप्पट होते. तेव्हा 'दहा वर्षांत प्लॉटचे दुप्पट झाले' असे अभिमानाने सांगणाऱ्याने केवळ ठेवीची बरोबरी केलेली असते.

मग निवडीचे कारण कोठे शोधावयाचे? आमच्या मते ते भावात नाही. ते मालकाच्या उपस्थितीत आहे. हे मत बनण्यास आमच्याच घराण्याचा अनुभव कारण झाला.

कायद्याने दिलेला धडा

आमच्या आजोबांनी धंद्यातील शिलकेतून बेळगाव तालुक्यातील एका गावी अकरा एकर जमीन घेतली होती आणि पेठेत चार दुकानांची एक ओळ बांधली होती. जमीन कुळे कसत. दुकाने भाड्याने दिलेली होती. एका हातात क्षेत्र, दुसऱ्या हातात वास्तु, आता वंशाला चिंता नाही, असा त्यांचा समज होता.

कर्नाटकाच्या भूसुधारणा कायद्यात मोठी दुरुस्ती झाली ती १ मार्च १९७४ पासून अमलात आली. कुळांकडे असलेल्या जमिनी सरकारजमा झाल्या आणि कुळांनी सात नंबरचा अर्ज भरून लँड ट्रिब्युनलकडून आपापले हक्क मिळविले. आमची अकरा एकरही तशीच गेली. महाराष्ट्राच्या बाजूस १ एप्रिल १९५७ या कृषकदिनाने तीच गोष्ट आधी केली होती. आजोबांना ते अखेरपर्यंत अन्यायाचे वाटले. आम्हास लहानपणी तसेच वाटे. आता तितक्या खात्रीने म्हणवत नाही. ज्या शेताची बांधबंदिस्ती आमच्या घरातील कोणी एकदाही केली नव्हती, त्यावर आमचे प्रेम होते असे म्हणावे तरी कसे?

दुकानांची कथा याहून निराळी नाही. बेळगाव मुंबई राज्यात असताना १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा लागू होता, आणि त्यातील प्रमाण भाड्याचा पाया १ सप्टेंबर १९४० चा होता. राज्यपुनर्रचनेनंतर १९६१ चा भाडेनियंत्रण कायदा आला. रुपयाची किंमत उतरत गेली आणि भाडे होते तेथेच राहिले. मुंबईच्या कायद्यातील ही गोठलेली भाडी आता वाजवी राहिलेली नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले ते १९९७ साली. महाराष्ट्राने १९९९ च्या कायद्यान्वये दरसाल ४ टक्के वाढीची मुभा दिली. कर्नाटकाचा १९९९ चा भाडे कायदा २००१ च्या अखेरीस अमलात आला. तोपर्यंत आमच्या चार दुकानांचे मिळून भाडे छपराच्या कौलांनाही पुरत नव्हते.

शहरातील मोकळ्या जागांवरही १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मर्यादा घातली होती. केंद्राने तो १९९९ साली रद्द केला, महाराष्ट्राने २००७ साली. आज हे कायदे त्या रूपात उरलेले नाहीत. परंतु त्या सर्वांमागील सूत्र एकच होते, आणि ते जुने झालेले नाही. जो कसतो त्याची जमीन, जो राहतो त्याचे घर. कागदावर नाव असणारा आणि जागेवर पाय असणारा यांचा झगडा लागला की काळ हळूहळू जागेवरच्याच्या बाजूस झुकतो.

आंब्याचे झाड

हे केवळ कुळकायद्यापुरते नाही. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे दुसऱ्याच्या जागेवर उघडपणे, मालकाचा हक्क नाकारून, सलग १२ वर्षे ताबा ठेवणाऱ्याविरुद्ध मालकाने दावा केला नाही, तर मालकाचा हक्कच बुडतो.

आमच्या वडिलांनी पुढे शहराबाहेर आठ गुंठ्यांचा एक बिनशेती प्लॉट घेतला. त्याच्या एका कोपऱ्यात आंब्याचे झाड होते. घरातील पुरुषमंडळी वर्षानुवर्षे तिकडे फिरकली नाहीत; उतारा कपाटात आहे एवढ्यावर सर्व निश्चिंत होते. आमच्या काकू मात्र दर चैत्रात लोणच्याच्या कैऱ्यांसाठी तेथे जात. मध्यंतरी गुडघ्यांच्या दुखण्याने त्यांचे जाणे काही वर्षे थांबले. पुन्हा गेल्या तेव्हा परत येऊन त्या म्हणाल्या, "अरे, आपले झाड कुंपणाच्या पलीकडे कसे गेले?" आम्ही हसलो. झाड कसे चालेल? चालले होते ते कुंपण. शेजाऱ्याने तारांचे खांब सहा फूट आत घेतले होते आणि हद्दीचा दगड दिसेनासा झाला होता. सरकारी मोजणी करविली, जुना नकाशा काढला, चार वडीलधारी माणसे मध्ये घातली आणि प्रकरण न्यायालयात न जाता मिटले. त्या वेळी कुंपण सरकल्यास दहा वर्षे होऊन गेली होती, असे चौकशीअंती कळले.

काकूंना खातेउतारा वाचता येत नव्हता. पण जमिनीवर नजर त्यांचीच होती. त्या वर्षीच्या कैऱ्यांचे लोणचे घरात सर्वांनी जरा अदबीने खाल्ले.

वाटणीचा प्रश्न

नजरेचा प्रश्न आजच्या पिढीत अधिक बिकट झाला आहे. मुले पुण्यास, बंगळुरास, काहींची त्याहून दूर. बेळगावात राहिली आहेत ती साठीपुढची माणसे. दुसरीकडे वारसांची संख्या योग्यच कारणाने वाढली आहे. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे. त्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलीला अविभक्त कुटुंबाच्या मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. वडील त्या दिवशी हयात असोत वा नसोत, हा हक्क राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. 'बहिणी सही करून देतील' हे गृहीत धरून मिळकत घेण्याचे दिवस सरले आहेत, आणि ते सरले हे बरेच झाले.

अशा वेळी बारा फुटी दर्शनाचा गाळा चौघांत कसा वाटावयाचा? इमारतीचे तुकडे होत नाहीत. बिनशेती प्लॉटचेही मंजुरीवाचून होत नाहीत. दोहोंत वाटणी म्हणजे बहुधा विक्रीच. सबब, मिळकत घेतानाच ती विकण्याचाही विचार केला पाहिजे. २३ जुलै २०२४ पासून जमीन वा इमारत दोन वर्षांहून अधिक काळ ठेवून विकल्यास नफ्यावर १२.५ टक्के कर आहे, आणि महागाईचा निर्देशांक मिळत नाही. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या मिळकतीसाठी येथील रहिवासी व्यक्तीस व हिंदू अविभक्त कुटुंबास निर्देशांकासह २० टक्के हा हिशेबही करून पाहता येतो, आणि दोहोंतील कमी कर भरावयाचा असतो. शहराच्या हद्दीपासून कायद्याने ठरविलेल्या अंतरापलीकडील शेतजमीन मात्र भांडवली मत्ता धरली जात नाही. हे अंतर लोकसंख्येप्रमाणे २, ६ किंवा ८ किलोमीटर आहे.

शेतजमिनीच्या मोहाबद्दल दोन शब्द. कर्नाटकात बिगरशेतकऱ्याने शेतजमीन घेण्यावरील बंदी २०२० साली उठली. तेव्हापासून सीमाभागातील अनेक व्यापाऱ्यांनी एकरांच्या भाषेत बोलण्यास आरंभ केला आहे. परंतु चंदगड तालुक्यात पाऊल टाकले की महाराष्ट्राचा कायदा लागतो आणि तेथे शेतकरी असल्याचा दाखला आजही लागतो. गोव्यानेही २०२३ च्या कायद्याने शेतजमीन बिगरशेतकऱ्यास देण्यावर निर्बंध घातले आहेत. तीस-चाळीस मैलांत तीन कायदे, हे विसरून चालणार नाही. शेतजमिनीतील गुंठा-दोन गुंठे मुद्रांकाच्या कागदावर लिहून घेणे, याला तर आम्ही गुंतवणूक म्हणावयास तयार नाही. नोंदणीकृत खरेदीखत आणि बिनशेतीचा आदेश यांवाचून घेतलेली जमीन म्हणजे विकत घेतलेला तंटा होय.

काय करावे

कोणी म्हणेल, मग निर्णय काय? आमचा निर्णय असा. घरातील एक तरी माणूस गावात राहणार असेल, महिन्यातून एकदा जाऊन भाडेकरूशी दोन शब्द बोलणार असेल, आणि भाड्यातील झीज वेगळी काढून ठेवण्याइतकी शिस्त घरात असेल, तर इमारत घ्यावी. करार लेखी व मुदतीचा करावा. ज्याला भाड्याची गरज नाही, दहा-पंधरा वर्षे त्या पैशास हात लावावयाचा नाही, आणि वर्षातून दोनदा जागेवर जाऊन हद्दीचे दगड मोजण्याची तयारी आहे, त्याने जमीन घ्यावी. कुंपण करावे, आणि उताऱ्यावरील नाव दरसाल तपासावे. ज्याच्या घरी यांपैकी काहीच होणे नाही, त्याने दोहोंचाही मोह सोडून पैसा अन्यत्र ठेवावा. त्यात कमीपणा नाही. मात्र कोणीही धंद्याचे खेळते भांडवल क्षेत्रात वा वास्तूत अडकवू नये. लाखांची मिळकत असूनही हुंडीच्या दिवशी पाच हजारांसाठी शेजारच्या गादीवर जावे लागलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

आमच्या घरी गतवर्षी हाच विचार झाला. दोन भाऊ, दोन बहिणी एकत्र बसलो. प्लॉटवर जाणारे कोणी उरले नव्हते. काकूही आता नाहीत. प्लॉट विकला आणि चार समान भाग केले. पेठेतील दुकाने ठेवली, कारण धाकटा पुतण्या तेथेच बसतो. ती चौघांच्या नावे असून भाड्याचा हिशेब दर तिमाहीस सर्वांकडे जातो. प्लॉटचा भाव पुढे वाढेल, तेव्हा आम्हास कोणी वेड्यात काढील. काढो बापडे! विकण्यापूर्वी सर्वजण एकदा तेथे जाऊन आलो. झाडाला मोहोर आला होता.

शेवटी पुन्हा व्रताकडे येतो. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात या व्रताचे अतिचार सांगताना 'योजन' नावाचा एक अतिचार सांगितला आहे. घरांची संख्या ठरवून घेतलेला गृहस्थ शेजारचे घर घेतो आणि मधली भिंत पाडून म्हणतो, माझे घर एकच आहे. शेताचेही तसेच; बांध मोडला की दोन शेतांचे एक झाले! आठशे वर्षांपूर्वीच्या आचार्यांना व्यापारी मनाची ओळख किती नेमकी होती, हे वाचून हसू येते आणि थोडे ओशाळल्यासारखेही होते. मर्यादा किती असावी हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्ही आमच्यापुरते एवढेच ठरविले आहे की, घरातील माणसांना वर्षातून एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहता येईल इतकेच क्षेत्र आणि इतकीच वास्तु ठेवावयाची. व्यापारीबंधूंनी व भगिनींनी येत्या पाडव्यास नवी वही मांडण्यापूर्वी आपल्या मिळकतींची यादी काढावी आणि प्रत्येकीपुढे तेथे शेवटचे कोण व केव्हा गेले होते ते लिहावे, एवढी आमची नम्र सूचना आहे.